चिकट गाळातले पांढरे तंतू

चार्ल्स पेडरसन यांनी आयुष्यात नोकरी एकच केली. १९२७ साली ते अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत रसायनज्ञ म्हणून लागले आणि १९६९ साली तिथूनच निवृत्त झाले. पीएचडी त्यांनी केली नाही. एमआयटीतून मास्टर्सची पदवी घेतल्यावर प्राध्यापकांनी पुढे शिकण्याचा आग्रह केला होता. पण वडिलांच्या पैशावर आणखी किती वर्षे काढायची, या विचाराने त्यांनी नोकरी धरली. १९८७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. ज्या शोधासाठी ते मिळाले तो लागला तेव्हा त्यांना सत्तावन्नावे वर्ष उलटून गेले होते आणि निवृत्ती सात वर्षांवर आली होती.

त्यांचा जन्म १९०४चा, कोरियातल्या फुसानचा. वडील नॉर्वेचे, जहाजावरच्या यंत्रांचे काम शिकून पूर्वेकडे आलेले. आई जपानी, सोयाबीन आणि रेशमाच्या व्यापारासाठी कोरियात आलेल्या घरातली. वडील पुढे उन्सानच्या सोन्याच्या खाणीत यांत्रिक अभियंता झाले आणि चार्ल्सचे लहानपण त्या खाणीच्या वसाहतीत गेले. कोरियात परदेशी भाषेची शाळा नव्हती, म्हणून आठव्या वर्षी त्याला नागासाकीच्या कॉन्व्हेंटमध्ये धाडले, मग योकोहामाच्या शाळेत. रसायनशास्त्र हा विषय त्याला पहिल्यांदा तिथे भेटला. पुढे ओहायोतले डेटन विद्यापीठ, मग एमआयटी.

न्यू जर्सीत डीपवॉटरला ड्युपाँची जॅक्सन प्रयोगशाळा होती. तिथले पेडरसन यांचे पहिले मोठे यश म्हणजे टेट्राइथाइल लेड बनवण्याची सुधारलेली पद्धत. शिशाचे हे संयुग पेट्रोलमध्ये घातले की इंजिनातले नॉकिंग थांबायचे. पेडरसन रुजू होण्याच्या काही वर्षे आधी डीपवॉटरमध्येच या संयुगाच्या विषबाधेने कामगार दगावले होते. तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर अनेक दशके चालले. भारतात ते २००० साली बंद झाले. ज्या उद्योगात पेडरसन घडले तिथे माल किती निघाला हे काटेकोर मोजले जाई, मागे काय उरले त्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. त्यांच्या पुढच्या कामाची किंमत कळायला ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

नंतरची बरीच वर्षे त्यांनी तांब्याशी झुंजण्यात घालवली. पेट्रोलमध्ये तांब्याचा अंश उतरला, अगदी नगण्य असला तरी, की हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया वेग घेते आणि पेट्रोलात डिंकासारखा साका धरतो. तांबे पूर्णपणे काढून टाकणे परवडणारे नव्हते. पेडरसन यांनी असे सेंद्रिय रेणू बनवले, जे तेलात विरघळतात आणि तांब्याच्या आयनाला चहूबाजूंनी असे धरून ठेवतात की त्याची उत्प्रेरकाची ताकद संपते. पेट्रोलियम मालासाठीचा पहिला ‘मेटल डिअॅक्टिव्हेटर’ त्यातून आला. कोणता रेणू कोणत्या धातूला किती घट्ट धरतो, हे त्यांच्या हातात आणि डोळ्यांत त्या वर्षांत मुरले. कारकिर्दीअखेर त्यांच्या नावावर ६५ पेटंटे होती. पुढे जे घडले त्याला अपघात म्हणण्याची पद्धत आहे, पण त्या अपघाताच्या मागे तीन दशकांची ही तालीम होती.

पन्नाशीनंतर ते विल्मिंग्टनच्या एक्सपेरिमेंटल स्टेशनमध्ये, कंपनीच्या रबर-रसायनांच्या विभागात गेले. तिथले संशोधन-प्रमुख हर्मन श्रोडर यांनी त्यांना व्हॅनेडियमकडे लक्ष द्यायला सुचवले. कृत्रिम रबर बनवताना व्हॅनेडियमची संयुगे उत्प्रेरक म्हणून उपयोगी पडत होती. त्या धातूला अनेक हातांनी पकडणारा एखादा रेणू बनवला तर उत्प्रेरकाचे गुण बदलतील का, हे पेडरसन यांना पाहायचे होते.

त्यांनी योजलेला रेणू लांबट होता: दोन टोकांना दोन फिनॉल गट आणि मधे ऑक्सिजन असलेली साखळी. कच्चा माल कॅटेकॉल. कॅटेकॉलच्या रेणूवर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यातला एक तात्पुरता झाकायचा, दुसरा साखळीच्या टोकाला जोडायचा, शेवटी झाकण काढायचे. सेंद्रिय रसायनशास्त्रात हा प्रकार नित्याचा. हरित दृष्टीने पाहिले तर यात दोन पायऱ्या फुकट जातात, कारण झाकणे आणि उघडणे या दोन्हींचे अणू अखेरीस टाकाऊत जमा होतात. तेव्हा मात्र दुसरा मार्ग कोणाला दिसत नव्हता.

झाकलेल्या कॅटेकॉलमध्ये सुमारे १० टक्के न झाकलेले कॅटेकॉल शिल्लक राहिले होते. पेडरसन यांना ते ठाऊक होते. शेवटी शुद्धीकरण करायचेच आहे, मग मधे वेळ कशाला घालवा, असा विचार करून त्यांनी ते मिश्रण तसेच पुढच्या पायरीला घेतले.

जे हाती आले ते पाहून कोणी खूश झाले नसते. काळपट, चिकट गाळ. त्यातून हवा तो पदार्थ वेगळा करताना थोडेसे पांढरे स्फटिक निघाले, रेशमासारखे तंतुमय. उतारा फक्त ०.४ टक्के. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. मुख्य पदार्थ दुसरीकडे आहे, महिन्याचा अहवाल त्याच्यावर लिहायचा आहे, आणि बाजूला चिमूटभर काहीतरी पांढरे पडले आहे. बहुतेक वेळा ते बेसिनमध्ये धुऊन जाते. पेडरसन यांनी ठेवले. पुढे नोबेल व्याख्यानात हा प्रसंग त्यांनी तारखेसह सांगितला: ५ जुलै १९६२.

अतिनील वर्णपट हे त्यांचे आवडते हत्यार. फिनॉल असलेल्या पदार्थात कॉस्टिक सोडा टाकला की वर्णपटाची रेघ सरकते. रेणूचा हायड्रोजन गेला, ऋणभार आला, हे लगेच दिसते. नव्या स्फटिकांची रेघ सरकली नाही, म्हणजे मोकळा फिनॉल गट नव्हता. पण दुसरेच काहीतरी झाले. हे स्फटिक मिथेनॉलमध्ये जेमतेम विरघळत होते. कॉस्टिक सोडा टाकल्याबरोबर भराभर विरघळले. आम्ल नसलेल्या पदार्थाला अल्कलीशी काय देणेघेणे? पेडरसन यांनी कॉस्टिक सोड्याऐवजी मिथेनॉलमध्ये विरघळणारे इतर सोडियम क्षार टाकून पाहिले. तोच परिणाम. म्हणजे करामत अल्कलीची नव्हती, सोडियमची होती.

आता हा पदार्थ आहे तरी काय, हा प्रश्न उरला. मूलद्रव्यांचे प्रमाण अपेक्षित सूत्राशी जुळत होते, पण रेणूभार मोजल्यावर तो बरोबर दुप्पट निघाला. तिथे उलगडा झाला. न झाकलेल्या कॅटेकॉलचे दोन रेणू दोन साखळ्यांनी दोन्ही बाजूंनी जोडले जाऊन एक मोठे कडे तयार झाले होते. कड्यात एकूण १८ अणू, त्यांतले सहा ऑक्सिजन, सगळे आतल्या बाजूला तोंड करून. सोडियमचा आयन त्या कड्याच्या मधल्या पोकळीत जाऊन बसत होता आणि बाहेरून पाहणाऱ्या मिथेनॉलला दिसत होता फक्त सेंद्रिय भाग. मॉडेल जोडून पाहिले तर ते मुकुटासारखे दिसे, म्हणून या कुळाला त्यांनी क्राउन ईथर म्हटले.

सोडियम आणि पोटॅशियम हे तोवर फार अलिप्त आयन मानले जात. तांबे, लोह, निकेल यांना धरणारे रेणू ढिगाने होते; सोडियमला धरणारा, स्वतःवर कोणताही भार नसलेला कृत्रिम रेणू कोणी पाहिला नव्हता. पेडरसन यांनी मग व्हॅनेडियम बाजूला ठेवले आणि लहान-मोठी कडी बनवण्याचा सपाटा लावला. श्रोडर यांनी त्यांना अडवले नाही, हेही नोंदवले पाहिजे. ठरलेला प्रकल्प सोडून माणूस भलत्या दिशेला निघाला आहे हे दिसत असताना त्याला जाऊ देणारा वरिष्ठ भेटणे ही संशोधनातली मोठी गोष्ट आहे. १९६७ साली पेडरसन यांनी एकट्याच्या नावावर एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पन्नासच्या आसपास पॉलिईथर, ती बनवण्याच्या कृती, आणि कोणते कोणत्या आयनाला धरते याचे तपशील होते. पुढच्या अनेक प्रयोगशाळांची वाट त्या एका निबंधातून फुटली.

चार ऑक्सिजनचे लहान कडे लिथियमला मानवते, पाचाचे सोडियमला, सहाचे पोटॅशियमला. हा नियम ढोबळ आहे. आयन पोकळीत शिरताना आधी त्याच्याभोवतीचे द्रावकाचे रेणू सोडून येतो, ते सोडायला ऊर्जा लागते, आणि त्यामुळे द्रावक बदलला की आवडनिवडही बदलते. तरीही रेणूंच्या परस्पर ओळखीचे तत्त्व इथे पहिल्यांदा इतके उघडे, इतके साधे करून हातात आले. व्हॅलिनोमायसिनसारखी प्रतिजैविके पेशींत नेमके पोटॅशियम कसे उचलतात, याचे कोडे जीवशास्त्रज्ञांना त्याच सुमारास पडले होते. स्ट्रासबुर्गमध्ये जाँ-मारी लेन यांनी सपाट कड्याच्या जागी तिन्ही बाजूंनी वेढणारे पिंजऱ्यासारखे रेणू रचले. कॅलिफोर्नियात डोनाल्ड क्रॅम यांनी असे रेणू केले, ज्यांची पोकळी आयन येण्याआधीच ताठ, तयार असते. १९८७चे नोबेल या तिघांत वाटले गेले.

या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग मात्र नोबेलच्या गौरवात मागे पडतो, असे वाटते. मोठी कडी बनवणे हे सेंद्रिय रसायनशास्त्रात महाग काम. साखळीचे एक टोक स्वतःच्याच दुसऱ्या टोकाला भेटण्याऐवजी शेजारच्या साखळीला भेटते आणि लांबच लांब राळ तयार होते. ते टाळायला द्रावण अतिशय पातळ ठेवतात, म्हणजे थोड्याशा मालासाठी पिंपभर द्रावक. पेडरसन यांनी तेच कडे मुद्दाम बनवायला घेतले तेव्हा असे काही करावे लागले नाही. कॅटेकॉल, दोन टोकांना क्लोरीन असलेला ईथर, कॉस्टिक सोडा आणि ब्युटेनॉल, साधे उकळणे, उतारा ४५ टक्क्यांच्या घरात. कारण सोडियमचा आयन अर्धवट साखळीतल्या ऑक्सिजनांना आपल्याभोवती गोळा करतो आणि दोन्ही टोके समोरासमोर येतात. ज्याला धरायचे, तोच धरणाऱ्याला घडवतो. झाकण लावणे नाही, काढणे नाही, पिंपभर द्रावक नाही. त्या पहिल्या गाळात ०.४ टक्के का होईना, कडे का तयार झाले, याचेही उत्तर यातच आहे.

हरित रसायनशास्त्र हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. बॅरी ट्रॉस्ट यांनी ‘अॅटम इकॉनॉमी’चा विचार १९९१ साली मांडला: घातलेल्या अणूंपैकी किती मालात गेले? रॉजर शेल्डन यांनी त्याच सुमारास साधा प्रश्न केला: एक किलो मालामागे किलोने कचरा किती? खनिज तेलाच्या धंद्यात तो नगण्य असतो; औषधांच्या धंद्यात २५ ते १०० किलो आणि त्याहूनही जास्त. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांची बारा तत्त्वे १९९८ची. त्यांतले पहिलेच, कचरा साफ करण्यापेक्षा तो होऊ न देणे बरे. आणि कचरा होऊ द्यायचा नसेल तर रेणूंना नेमके जोडीदार भेटले पाहिजेत, हे क्राउन ईथरने तीस वर्षे आधी दाखवून दिले होते.

कारखान्यात त्याचा अर्थ काय होतो? सेंद्रिय माल टोल्यूइनमध्ये विरघळतो, क्षार पाण्यात. दोघांची भेट होत नाही. एकत्र आणायला डीएमएफसारखा द्रावक वापरायचा, तोही कोरडा, आणि सोबत सोडियम हायड्राइड, जे पाण्याचा थेंब लागला तरी हायड्रोजन सोडते. काम झाल्यावर डीएमएफ पाण्यात मिसळून सांडपाण्यात जाते. परत मिळवायचे तर उष्णतेचा खर्च मोठा. ड्युपाँमधल्याच दोघांनी १९७२ साली दाखवले की क्राउन ईथर टाकले तर जांभळे पोटॅशियम परमँगनेट बेंझिनमध्ये विरघळते. पोटॅशियम कड्यात बसून तेलकट थरात येतो आणि परमँगनेट त्याच्या मागे ओढला जातो. तिथे त्याच्याभोवती पाणी नसल्याने तो जास्त जोमाने काम करतो.

हेच काम स्वस्त चतुर्थक अमोनियम किंवा फॉस्फोनियम क्षारही करतात. पोलंडमध्ये मिएचिस्वाव मांकोशा आणि अमेरिकेत चार्ल्स स्टार्क्स ते करत होते. ‘फेज ट्रान्सफर कॅटॅलिसिस’ हे नाव स्टार्क्स यांचे. त्यांच्या १९७१च्या निबंधातले उदाहरण आजही शिकवतात: क्लोरोऑक्टेन आणि पाण्यातले सोडियम सायनाइड नुसते तापवत बसले तर दिवसचे दिवस काही घडत नाही, उत्प्रेरक थोडासा टाकला की काही तासांत काम आटोपते.

महाराष्ट्रातल्या रसायन कारखान्यांत ही पद्धत पूर्ण रुळली आहे. टीबॅबचे पोते नसलेला प्लांट शोधावा लागेल. टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइडला शॉप फ्लोअरवर सगळे टीबॅबच म्हणतात. कॉस्टिक लाय, टोल्यूइन, चिमूटभर टीबॅब, जोरात ढवळणे, मग थांबून थर वेगळे करणे. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, एम. एम. शर्मा यांनी दोन थरांतल्या अभिक्रियांचे गणित उभे केले, तिथेच जी. डी. यादव यांनी फेज ट्रान्सफर उत्प्रेरणावर दीर्घकाळ काम केले. त्यातला एक प्रकार विशेष सुंदर आहे. परिस्थिती नेमकी जुळवली की पाणी आणि तेल यांच्या मधोमध उत्प्रेरकाचा स्वतःचा तिसरा थर तयार होतो. वरचा आणि खालचा थर काढून घ्यायचा, मधला तसाच पुढच्या बॅचला.

तिसऱ्या थराची एवढी खटपट कशासाठी, याचे उत्तर सांडपाण्यात आहे. टीबॅब पाण्याच्या थराबरोबर निघून गेले तर ईटीपीतल्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातल्या, जिवाणूंना ते मानवत नाही. क्राउन ईथर तर महाग आहेत आणि विषारीही. जे कडे सोडियमला धरते ते शरीरातल्या सोडियम-पोटॅशियमलाही धरणारच. म्हणून मोठ्या कारखान्यांत त्यांचा वापर फारसा वाढला नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्याऐवजी पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरतात. तो क्राउन ईथरचा उघडा, सरळ नातेवाईक. पकड सैल, पण स्वस्त आणि निरुपद्रवी. प्रयोगशाळेतल्या सर्वांत नेमक्या रेणूपेक्षा जरा कमी नेमका रेणू कारखान्यासाठी हरित ठरतो, हा हिशेब तरुण रसायनज्ञांनी लवकर शिकावा.

नेमकेपणाची पराकाष्ठा अर्थात एन्झाइममध्ये. मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन आपल्याकडे घरोघरी पोचलेले औषध. ते बनवताना अमाइन गट रेणूच्या योग्य बाजूला बसवण्यासाठी मर्क कंपनी र्‍होडियमचा उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन वापरत असे. मग धातूचा अंश काढा, चुकीच्या बाजूचा रेणू वेगळा करा, अशी कामे मागे लागत. कोडेक्सिस कंपनीबरोबर त्यांनी एक ट्रान्सअमिनेज एन्झाइम घेतले. सुरुवातीला ते या रेणूला मुळीच ओळखत नव्हते, कारण त्याच्या पोकळीत तो मावतच नव्हता. पोकळीच्या भिंती एकेका अमिनो आम्लाने बदलत, २७ बदलांनंतर, तेच एन्झाइम प्रति लिटर २०० ग्रॅम माल हाताळू लागले आणि चुकीच्या बाजूचा रेणू जवळपास शून्यावर आला. एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला, धातू गेला, दाबाची भांडी गेली. माध्यमात निम्मे डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक मात्र ठेवावे लागले, तेही सांगायला हवे. २०१० साली या पद्धतीला अमेरिकेचा हरित रसायनाचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

पेडरसन यांच्या कड्याचा एक वंशज मुंबईतही कामाला लागला आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया केल्यावर जो प्रखर किरणोत्सारी द्रव उरतो, त्यात सीझियम-१३७ असते. त्याचा अर्धायुकाल तीस वर्षांचा. आम्लाने आणि सोडियमने भरलेल्या त्या द्रवातून नेमके सीझियम उचलायचे. त्यासाठी कॅलिक्सॅरीन नावाच्या पेल्याच्या आकाराच्या रेणूला सहा ऑक्सिजनचे क्राउन जोडले. सोडियम त्यात टिकत नाही, सीझियम बसतो. वेगळे केलेले सीझियम काचेत मिसळून पेन्सिलीसारख्या कांड्या करतात आणि त्या रुग्णालयांतल्या रक्त-किरणन यंत्रांत बसवतात. रुग्णाला चढवायच्या रक्तातल्या लिंफोसाइट पेशींनी त्याच्याच शरीरावर हल्ला करू नये, म्हणून त्या निष्प्रभ करण्याचे काम ही यंत्रे करतात. याच कामाला वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६०चा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचा; सीझियमच्या कांड्या त्याच्या कितीतरी पट टिकतात.